टेबल डावीकडे, कटर उजवीकडे

तो कटर मीच मोडला. वीज गेली नव्हती, मशीन बिघडली नव्हती, कुणाचा धक्काही लागला नव्हता. मी बटन दाबलं, टेबल उलट्या बाजूला धावलं, जॉब धरून ठेवणारा लोखंडी क्लॅम्प कटरवर आदळला आणि कटरचे दोन तुकडे झाले. एक तुकडा उडून पत्र्याच्या भिंतीला लागला. त्या आवाजासरशी अख्खं वर्कशॉप माझ्याकडे पाहायला लागलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. नागपूरला हिंगण्याच्या बाजूला आमचा कारखाना होता. कोळशाच्या खाणीत पाणी उपसायचे जे पंप असतात, त्यांचे सुटे भाग तिथं बनत. मी तिथं मिलिंग मशीनवर होते. मिलिंग म्हणजे फिरत्या कटरनं लोखंड कापून त्याला आकार देणं. सुरुवातीला मी हेल्पर होते, कानशीनं जॉबच्या, म्हणजे बनत असलेल्या लोखंडी भागाच्या, कडा घासायची. पुढे एक मिलिंगवाला अचानक काम सोडून गेला, ऑर्डर अडली, म्हणून मला त्याच्या जागी उभं केलं. ते चार दिवसांसाठी होतं. पण माझा जॉब चुकला म्हणून परत येईना, मग मला खाली उतरवायचं कारणही कुणाला सापडेना. तशी दहा-बारा वर्षं गेली. चौथी शिकलेली बाई मिलिंग चालवते म्हणून गिऱ्हाइकं मुद्दाम पाहायला यायची. मला त्याचं काही वाटत नसे. त्यांनी जॉब पाहावा, एवढंच वाटायचं.

मग आकड्यांवर चालणारी सीएनसी मशीन आली. आमच्या जुन्या मशीनला तीन चाकं होती. एक फिरवलं की टेबल डावी-उजवीकडे जायचं, दुसरं फिरवलं की पुढे-मागे, तिसऱ्यानं टेबल वर-खाली. किती फिरवायचं ते हाताला ठाऊक असायचं. नव्या मशीनला चाकं नव्हती. बटनं होती आणि आकडे भरायचे होते. तीन दिशांना तीन इंग्रजी अक्षरं दिलेली होती. एक्स म्हणजे फुली, डावी-उजवी. वाय म्हणजे गलोलीचा बेचका, पुढे-मागे. झेड म्हणजे वर-खाली. प्रत्येक अक्षराला एक अधिकचं बटन आणि एक उण्याचं. तीन अक्षरं आणि दोन चिन्हं शिकायला मला एक दुपार पुरली. कटर मोडायला दुसरा दिवस लागला, ते वेगळं.

मशीन शिकवायला पुण्याचा एक इंजिनियर आठ दिवसांसाठी आला होता. तरुण होता, नम्र होता, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी आम्हा पाच मिलिंगवाल्यांना उभं करून सांगितलं, की जुन्या मिलिंग भंगारात जाणार. आठ दिवसांनी इंजिनियर परीक्षा घेईल. पाचातले दोघं नव्या मशीनवर. बाकीचे तिघं पॅकिंगला.

पॅकिंग म्हणजे जॉबला ग्रीस लावायचं, कागदात गुंडाळायचं आणि खोक्यात भरायचं. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण मी जॉब बनवणारी होते. दुसऱ्यानं बनवलेला जॉब कागदात गुंडाळत उरलेली वर्षं काढायची, हे मला मंजूर नव्हतं. एवढंच पणाला लागलं होतं, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी मी कटर मोडला.

झालं होतं असं. कटर क्लॅम्पच्या अगदी डाव्या अंगाला उभा होता. मला टेबल उजवीकडे न्यायचं होतं, म्हणजे क्लॅम्प कटरपासून लांब गेला असता. इंजिनियरनं शिकवलं होतं, अधिक म्हणजे उजवीकडे. मी एक्सचं अधिकचं बटन दाबलं. टेबल डावीकडे आलं.

आमच्यात एक मोठा मिस्त्री होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. तो हसला.

"बाप्पा! बाईनं तं मशीनचं उद्घाटनच करून टाकलं. नारळाच्या जागी कटर फोडला."

"भाऊ, काल तुमचंबी टेबल उलटंच गेलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या नशिबानं तिथं क्लॅम्प नव्हता."

"मी पाहून राहिलो होतो ते."

"काय पाहून राहिले होते? उलटं कसं जाते ते?"

बाकीचे हसले. पण मॅनेजर आला आणि त्यानं टेबलाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीचं टेबल उलटं गेलं तेव्हा मशीन नवीन होती. माझं गेलं तेव्हा मी चौथी पास होते. मॅनेजर म्हणाला, दोन दिवस बाईनं मशीनला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं.

मी इंजिनियरला विचारलं, "साहेब, अधिक म्हणजे उजवीकडे, असं तुम्हीच सांगितलं. मग टेबल डावीकडे काहून आलं?"

तो म्हणाला, "काकू, टेबल डावीकडे आलं म्हणजे कटर उजवीकडे गेला."

"कटर तर जागचा हललासुद्धा नाही."

"हलला नाही, पण आपण असं मानायचं की जॉब स्थिर आहे आणि कटरच हलतोय."

"काहून मानायचं? डोळ्यांनी दिसून राहिलं ना."

त्यानं डोकं खाजवलं. "सगळ्या जगात असंच मानतात, काकू."

सगळं जग मानतं म्हणून मी मानावं, असा माझा स्वभाव नाही. पाठ करून टाकता आलं असतं, की अधिक म्हणजे टेबल डावीकडे. बाकीच्यांनी तेच केलं. पण पाठ केलेलं घाईत उलटं होतं, हे मी शाळेत पाढ्यांच्या वेळी पाहिलं होतं. मला कारण पाहिजे होतं.

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हापासून, म्हणजे साठच्या दशकात, मी आणि माझा नवरा लकडगंजला एका लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत, आरा मशीनवर कामाला होतो. तो लठ्ठा, म्हणजे लाकडाचा ओंडका, ट्रॉलीवर चढवून आऱ्याला, त्या फिरत्या करवतीला, लावायचा. मी फळ्या उचलायची, भुसा भरायची आणि सुताचं एक टोक धरायची. लठ्ठा कापायच्या आधी त्यावर गेरूत भिजवलेलं सूत ताणून धरतात आणि मधे उचलून सोडतात. लाकडावर लाल रेघ उमटते, त्या रेघेवर कापायचं. हे सूत धरायचं काम मी आठ-नऊ वर्षं केलं. पुढे नवऱ्याची कंबर गेली आणि मी कारखान्यात आले.

कटर मोडला त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, टालीत आरा चालत होता का लठ्ठा?"

"आता हे काय काढलं?"

"सांगा ना."

"लठ्ठा चालते. आरा तं जागच्या जागी फिरते. भात वाढ."

"मग तुम्ही लोक असं काहून म्हणत होते, की आरा इकडून गेला, आरा गाठीपर्यंत आला, आरा वाकडा गेला?"

"मग काय म्हणू? सूत लठ्ठ्यावर मारलं राहते. सुतावरून कोण जाते? आराच जाते ना वं! लठ्ठा स्वतःवरून जाईल का?"

मी भाताचं भांडं हातात धरून बसून राहिले.

"वाढशील का पाहात राहशील?"

मी भात वाढला. पण मला कळलं होतं. रेघ लाकडावर असते, जमिनीवर नसते. जो माणूस रेघ मारतो त्याला ट्रॉली कुठं जाते याच्याशी काही घेणं नाही. त्याला एवढंच सांगायचं असतं, की लाकडावर आऱ्यानं इथून इथपर्यंत जावं. मग कुणी ट्रॉली ढकलून लठ्ठा आऱ्यावर न्या, नाहीतर लठ्ठा जमिनीवर ठेवून हातकरवत त्यावर चालवा. रेघ तीच राहते. कारखान्यातलं ड्रॉइंगसुद्धा जॉबवरचं सूतच होतं. ज्यानं ते काढलं त्याला आमचं टेबल ठाऊकच नव्हतं. उद्या दुसरी मशीन आली आणि तिच्यात टेबल जागीच राहून कटरच चालला, तरी ड्रॉइंगातला आकडा बदलायचं कारण नव्हतं. मी इतकी वर्षं चाक फिरवून टेबल हलवत होते, म्हणून माझं लक्ष टेबलावर होतं. ते जॉबवर पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन गेले आणि टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर दोन बाण काढले. एक उजवीकडे, एक माझ्यापासून पलीकडे. दोन्हींवर अधिकची खूण केली. इंजिनियरला म्हटलं, "हा तुकडा टेबलावर ठेवा आणि एक्सचं अधिक दाबा. कटर माझ्या बाणावरून जाते का नाही, पाहा."

त्यानं दाबलं. टेबल डावीकडे गेलं आणि कटर बाणाच्या शेपटीकडून टोकाकडे गेला. मग वाय. टेबल आमच्या पोटाकडे आलं आणि कटर बाणावरून पलीकडे गेला. झेडला बाणाची गरज नव्हती. या मशीनमध्ये कटरच खाली-वर व्हायचा, तिथं कुणाची चूक होतच नव्हती.

"काकू, मी पुढच्या कारखान्यात असंच शिकवीन," तो म्हणाला.

"शिकवा. पण मला मशीनला हात लावू द्या."

"मॅनेजरसाहेबांनी दोन दिवस सांगितलेत."

मग मी दोन दिवस नुसतं पाहिलं. रिकाम्या हातानं उभं राहायची मला सवय नाही, म्हणून एक काम स्वतःच काढलं. इंजिनियर रोज सकाळी मशीन गरम व्हावी म्हणून तिन्ही दिशांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवायचा. मी टेबलाच्या कडेवर एक रेघ मारली, खाली न हलणाऱ्या भागावर टेबल सुरू झालं तिथं एक आणि थांबलं तिथं एक. मग टेप लावला. टेबल आठशे मिलिमीटर लांब होतं. पण ते चालायचं फक्त पाचशे. म्हणजे टेबलावर आठशेचा जॉब आरामात मावेल, पण कटर त्यातल्या पाचशेपर्यंतच पोचेल. दोन्ही सकाळी मोजलं, दोन्हीदा तेच आलं. पुढे-मागे आणि वर-खालीसुद्धा मोजून हातावर लिहून घेतलं आणि घरी जाऊन कॅलेंडरच्या मागे उतरवलं. कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी हात लावायची परवानगी मिळाली. त्यानंतर माझ्याकडून टेबल एकदाही उलटं गेलं नाही. मिस्त्रीचं दोनदा गेलं. तो प्रत्येक वेळी "हट् साली!" म्हणून मशीनलाच शिवी द्यायचा.

परीक्षेच्या दिवशी इंजिनियरनं आम्हाला चहाच्या शेडमध्ये बसवलं आणि जुन्यातला जुना आधी, असं एकेकाला आत बोलावलं. मिस्त्री पहिला गेला. तो बाहेर आला तेव्हा कपाळाला घाम होता. तो पाणी प्यायला आणि बाजूला जाऊन बसला. दुसराही तसाच. कुणी कुणाला सांगेना. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा सांगितलं नसतं.

मी शेवटची. आत गेले तर टेबलावर लोखंडाची लांब पट्टी बांधलेली. ड्रॉइंगात चार भोकं. पहिल्यापासून दुसरं एकशे ऐंशीवर, दुसऱ्यापासून तिसरं दोनशेवर, तिसऱ्यापासून चौथं एकशे ऐंशीवर. पट्टी टेबलावर सहज मावत होती, दोन्ही बाजूंना जागा उरली होती.

इंजिनियर म्हणाला, "आकडे भरा आणि भोकं पाडा. हवा तेवढा वेळ घ्या."

मी आकडे भरले नाहीत. खडूनं तळहातावर बेरीज केली. पाचशे साठ.

"साहेब, ही पट्टी एकदाच बांधून होत नाही."

"का बरं? टेबलावर तर बसलीये."

"बसली आहे. पण टेबल पाचशेच चालते. चौथं भोक साठनं बाहेर जाते."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "पाचशे कुठं वाचलंत तुम्ही?"

"वाचलं नाही. मोजलं."

"मग काय करायचं? होत नाही म्हणून सोडून द्यायची?"

"सोडायची कायले? सरकवून धरायची."

मी तीन भोकं पाडली. मग पट्टी सोडून डावीकडे सरकवली. सरकवलेली पट्टी केसाएवढी जरी तिरकी बसली तरी चौथं भोक चुकणार. म्हणून मागच्या बाजूला टेबलाच्या खाचेला धरून एक सरळ लोखंडी कांब बांधली आणि पट्टी तिला टेकवली. तिसऱ्या भोकात घट्ट बसेल अशी पिन घातली, कटरच्या जागी बारीक फरक दाखवणारा काट्याचा डायल लावून त्या पिनेच्या भोवती फिरवला आणि पिनेचा मध्य शोधला. तिथून नवं शून्य धरलं, पिन काढली आणि अधिक एकशे ऐंशी भरले. बटन दाबायच्या आधी पट्टीवर खडूचा बाण काढून कटर कुठं जाणार ते बोटानं चालवून पाहिलं. क्लॅम्प वाटेत नव्हता. मग दाबलं.

इंजिनियरनं एक जाड प्लेट आणली, तिला ड्रॉइंगच्याच अंतरावर चार पिना होत्या. ती त्यानं पट्टीवर ठेवली. तीन पिना अलगद गेल्या. चौथी अडली. त्यानं लाकडी हातोडीनं एक थाप मारली, तेव्हा गेली.

"थाप लागली, काकू."

"लागली. एकच लागली."

तो हसला आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती थाप मला आजही खुपते. कांब बांधताना तिच्याखाली लोखंडाचा बारीक भुगा राहिला असणार. मी टेबल पुसलं होतं, पण फडका जुना होता.

बाहेर आल्यावर कळलं, की मिस्त्रीनं थेट आकडे भरले होते आणि चौथ्या भोकाला मशीन मधेच थांबून लाल दिवा लागला होता. मग त्यानंही पट्टी सरकवून काम पुरं केलं. इतर तिघांनी मशीन बिघडली म्हणून सोडून दिलं होतं.

मिस्त्री माझ्या बाजूला येऊन बसला. "बाई, तू पहिलेच मोजून ठेवलं होतं काय?"

"हो."

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही विचारलं काय?"

तो म्हणाला, "नाही विचारलं वं," आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. नव्या मशीनवर मिस्त्री आणि मी. आनंद झाला, पण मी यादी पुढं वाचली. मिस्त्रीच्या नावापुढे ऑपरेटर लिहिलं होतं. माझ्या नावापुढे हेल्पर.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. तो म्हणाला, "बाई, सीएनसीच्या ऑपरेटरला दहावी लागते. मिस्त्री दहावी नापास का होईना, तिथवर गेला आहे. ही नुसती कागदाची गोष्ट आहे. काम तर तुम्हीच करणार."

"काम मीच करणार तर कागदावर दुसरं काहून?"

"तुम्हाला मशीन मिळाली ना? मग झालं."

मी जाऊन नव्या मशीनपुढच्या स्टुलावर बसले. पहिली पाळी माझी होती. जॉब बांधलेला होता, आकडे भरलेले होते. मशीनच्या अंगाला मॅनेजरनंच रंगवून लावलेली पाटी होती, की ऑपरेटरशिवाय कोणीही बटनांना हात लावू नये. तासाभरानं मॅनेजर आला.

"मशीन बंद का?"

मी पाटी दाखवली. "हेल्परनं हात लावायचा नाही म्हणून लिहून ठेवलंय तुम्ही."

"बाई, तमाशा नको."

"मी कुठं काय करून राहिली? बसली आहे."

तो चिडला. पॅकिंगला पाठवीन म्हणाला. पाठवा म्हटलं, पण परीक्षेची पट्टी आणि इंजिनियरची वही आधी सगळ्यांसमोर मांडा. मिस्त्री पलीकडे उभा होता. त्यानं माझी बाजू घेतली नाही. पण मॅनेजरनं त्याला बटन दाबायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझी पाळी दोन वाजता सुरू होते," आणि चहाच्या शेडकडे निघून गेला.

मी त्या दिवशी दोन वाजेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मॅनेजरनं खरंच पॅकिंगला पाठवलं असतं तर मला परत फिरायला जागा नव्हती. जुन्या मशीन ट्रकमध्ये चढवणं सुरू झालं होतं आणि माझी मिलिंग मला बसल्या जागेवरून जाताना दिसत होती. मी उठले नाही.

दोन पाळ्यांचं काम तुंबलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं जुनी यादी काढून नवी लावली. मी फळ्यापाशी गेले. मिस्त्रीच्या नावापुढे होता तोच शब्द माझ्याही नावापुढे होता.

मग मी टेबल नव्या फडक्यानं पुसलं, जॉब पुन्हा तपासून बांधला आणि मशीन सुरू केली. पाळी संपेपर्यंत पंपाचे अकरा ब्रॅकेट निघाले. एकही परत आला नाही.